सरदार ह्यूच्या घरातल्या दोघी

मुलाने गाडी हळू केली आणि विचारलं, "बाबा, नक्की इथंच ना?"

नक्की इथंच. समोरची मशीद तीच होती. कोपऱ्यावरच्या लाँड्रीची पाटी बदलली होती, पण आतून इस्त्रीच्या वाफेचा आणि स्टार्चचा तोच वास येत होता. फक्त आमची सात मजली पांढरी इमारत नव्हती. तिच्या जागी काचेचा उंच मनोरा उभा होता आणि त्याच्या काचेत मशिदीचा मिनार थोडा वाकलेला दिसत होता. मी खाली उतरून फूटपाथवर उभा राहिलो. अबुधाबीच्या नोव्हेंबरातली दुपार, ऊन सोसवेल इतकंच. जुन्या इमारतीच्या खिडक्यांतल्या एसींचं पाणी या फूटपाथवर ठिबकायचं आणि जिथं ठिबकायचं तिथं हिरवट डाग पडायचे. आता तिथं गुळगुळीत दगड बसवलेत.

शर्टाच्या खिशात प्लॅस्टिकच्या पाकिटात एक कार्ड होतं. साधं, रेघांचं, पोस्टकार्डाएवढं. वीसपेक्षा जास्त वर्षं ते माझ्याकडे आहे आणि ते माझं नाही. ते ज्यांचं आहे त्यांच्या मुलीला, हेलनला, चार वाजता समुद्रकाठच्या कॉर्निशवरच्या एका कॅफेत मला भेटायचं होतं. हेलनला तिच्या आईवडिलांचं पुस्तक पुन्हा छापायचं आहे. त्याला माझी प्रस्तावना हवी आहे. "पप्पांनी आणि तुम्ही हे पुस्तक कसं केलं, एवढंच दोन पानांत लिहा, अंकल," ती फोनवर म्हणाली होती.

दोन पानं मी चार वेळा लिहिली आणि चार वेळा फाडली. त्या पुस्तकात मी दोन बायकांची एक बाई केली आहे. हे कळल्यावरही मी गप्प राहिलो. ते न सांगता प्रस्तावना लिहिणं मला जमेना.

सकाळी दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या मुलाच्या घरातून निघताना माझी बायको दारात उभी राहून म्हणाली, "अहो, आज सांगूनच या. फोनवर मारल्यात तशा हवापाण्याच्या गप्पा मारून परत आलात तर जेवायला वाढायची नाही मी."

"सांगतो."

"मागच्या महिन्यातही 'सांगतो'च म्हणाला होतात."

मुलगा लिफ्टजवळ हसत होता. त्याला वाटत होतं, आमचं नेहमीचंच काहीतरी चाललंय.

*

नव्वदच्या दशकाच्या मधली ती वर्षं. मी एका कन्सल्टंट कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होतो. रस्त्यांची, पुलांची, गटारांची ड्रॉइंग्ज यायची, त्यांना नंबर द्यायचा, रजिस्टरात नोंद करायची, जागेवर लावायची. त्याच कंपनीत मिस्टर पेल हे पुलांचे इंजिनिअर होते. आम्ही चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांत, ते सातव्या मजल्यावर समुद्र दिसणाऱ्या मोठ्या फ्लॅटमध्ये. ऑफिसात आमचा संबंध सहीपुरता. घरोबा जमला तो बायकांमुळे.

मिसेस पेल, मार्गरेट, लिफ्ट बंद पडल्यामुळे एकदा जिन्यात दम खात बसल्या होत्या. हिने त्यांना घरात बोलावून कोकम सरबत दिलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी संत्र्याच्या सालींच्या मुरंब्याची बाटली पाठवली. हिने ती धुऊन लिंबाच्या लोणच्याने भरून परत पाठवली. त्यानंतर ती एकच बाटली कितीतरी वर्षं चौथा आणि सातवा मजला यांच्यामध्ये ये-जा करत होती, रिकामी कधीच नाही. शेवटच्या आजारात मार्गरेटबाईंना काही पचेना. तेव्हा ही रोज छोट्या डब्यातून मऊ भात, मेतकूट आणि वर तुपाची धार घेऊन जायची. "शी इज ईटिंग," असं मिस्टर पेल मला ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये सांगायचे, एखादा पूल उभा राहिल्यासारखं.

बाई गेल्या. मागे राहिली बुटांच्या तीन खोक्यांमधली हाताने लिहिलेली कार्डं.

मार्गरेटबाई कुठल्याशा जुन्या इंग्रज घराण्यातल्या. त्यांचा मूळपुरुष रेस्कमचा सरदार ह्यू. सहाशेहून जास्त वर्षांपूर्वीचा माणूस. आपल्याकडे जसा एखादा गढीवाला जहागीरदार असावा तसा. त्याच्याबद्दल जिथं जे सापडेल ते बाई एकेका कार्डावर उतरवून ठेवत. जुन्या चर्चच्या वह्या, मुदपाकखान्याच्या याद्या, नोकरांना दिलेल्या कपड्यांचे उल्लेख. त्याचं पुस्तक करायचं होतं त्यांना. ते राहिलं.

तेरावा दिवस वगैरे त्यांच्यात काही नसतं, पण साधारण त्याच सुमाराला मिस्टर पेल आमच्या दारात आले. तोपर्यंत त्यांच्या डोळ्यांच्या मध्यभागी डाग वाढू लागला होता. माणूस कडेने दिसायचा, समोरचं अक्षर दिसायचं नाही. ते माझ्याकडे न बघता माझ्या कानाकडे बघत म्हणाले, "मला पुलांचं कळतं. इतिहासाचं काही कळत नाही. तुम्हाला कागद लावता येतात. दर शुक्रवारी याल का?"

आमचं बोलणं सगळं इंग्रजीतच व्हायचं. मला मात्र ते आता मराठीतच आठवतं.

*

ते शुक्रवार, तिथला सुट्टीचा वार. सकाळी आठला मी सातव्या मजल्यावर जायचो. हिवाळ्यात कधी समुद्रावरून धुकं चढून आलेलं असायचं आणि खाली रस्त्यावरच्या पांढऱ्या-सोनेरी टॅक्सींचे फक्त दिवे दिसायचे. उन्हाळ्यात लिफ्टमधून बाहेर पडलं की चष्म्यावर वाफ धरायची. फ्लॅटमध्ये कायम भाजलेल्या पावाचा, जुन्या कागदाचा आणि त्यांच्या पाइपच्या तंबाखूचा वास. मोठ्या टेबलावर तीन खोकी. बाजूला एक जाडजूड कॉम्प्युटर, त्याचा पंखा एसीपेक्षा मोठ्याने घरघरायचा. मी कार्ड वाचून दाखवायचो, मिस्टर पेल डोळे मिटून ऐकायचे, मग सावकाश एकेक वाक्य सांगायचे आणि मी टाइप करायचो. बाराच्या पुढे समोरच्या मशिदीच्या भोंग्यावरून खुतबा, शुक्रवारचं प्रवचन, सुरू व्हायचा. ते हात वर करायचे. आम्ही थांबायचो. नमाज संपून रस्ता पुन्हा वाहायला लागला, लोक सँडल शोधत शोधत पांगले, की मी घरी यायचो. घरी वरणाला फोडणी बसलेली असायची.

त्या तीन-चार वर्षांत सरदार ह्यूचं घर मला आमच्या चिंचवडच्या घरापेक्षा पाठ झालं. त्याच्या मुदपाकखान्यात उपवासाच्या दिवसांत मीठ लावलेले मासे आणि बदामाचं दूध. दिवाणखान्यात जमिनीवर पसरलेला पेंढा आणि त्यात सणासुदीला टाकलेली वाळकी सुगंधी पानं. पाहुणा आला की गुलाबपाण्याने हात धुवायला पितळी तस्त. ही असली वर्णनं वाचून मिस्टर पेलना आश्चर्य वाटायचं, मला नाही वाटायचं. जेवायच्या आधी पाहुण्यांच्या हातावर पाणी घालणारी घरं मी पाहिली होती.

ह्यू तापट होता. त्याचा एक ससाणा होता, तो चर्चमध्येही त्याच्या बाकाच्या पाठीवर बसलेला असे. तिथल्या धर्मगुरूने तक्रार केली तर ह्यू म्हणाला, तो माझ्यापेक्षा शांत बसतो. हे कार्ड वाचलं त्याच आठवड्यात बँकेत एक अरब गृहस्थ मुठीवर ससाणा घेऊन माझ्यापुढे रांगेत उभे होते. ससाण्याच्या डोळ्यांवर चामड्याची छोटी टोपी. मी हे सांगितलं तेव्हा मिस्टर पेल इतके हसले की त्यांना ठसका लागला. "मार्गरेट ह्यूला शोधत इंग्लंडभर फिरली," ते म्हणाले, "आणि तो इथं बँकेच्या रांगेत!"

त्या दिवशी जाताना त्यांनी मला बळेच मुरंब्याची बाटली दिली. बाईंच्या हातची ती शेवटची होती. आम्ही ती उघडली नाही. बरीच वर्षं फ्रिजच्या दारात होती. मग एका घरबदलीत कुठं गेली कळलं नाही.

*

आता ती चूक.

एका खोक्यात घरातल्या बायकांची कार्डं होती. पहिलं असं: "इसाबेल, वय चौदा. एक पेटी, एक दाई आणि एक करडी घोडी घेऊन गढीत आली." त्यानंतर तिच्या खोलीत मेणबत्त्या दिल्याचं, नवा पेंढा टाकल्याचं एकेक कार्ड. मग एक कार्ड: "गढीच्या चर्चमध्ये ह्यूचं लग्न. तीन दिवस जेवणावळी." त्यात नवरीचं नाव नाही. आणि त्यापुढे सगळीकडे: "अ‍ॅलिस, ह्यूची पत्नी." अ‍ॅलिसने चर्चला वस्त्र दिलं, अ‍ॅलिसला मुलगा झाला, अ‍ॅलिस नवऱ्यामागे अकरा वर्षं जगली. इसाबेलचं नाव पुन्हा नाही.

"थांबा," मिस्टर पेल म्हणाले. "ही इसाबेल कोण मग? ती कुठं गेली?"

मला उत्तर लगेच सुचलं. इतकं लगेच की विचार करायची गरजच वाटली नाही. मी म्हटलं, "कुठं गेली नाही. तीच अ‍ॅलिस."

"म्हणजे?"

मग मी त्यांना समजावून सांगितलं. लहानपणी ठरवून सासरी आणलेली मुलगी. लग्न लागलं, तेव्हा तिचं नाव बदललं. आमच्याकडे असंच असतं. लग्नात ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात नवीन नाव लिहितो, सगळ्यांना पेढे वाटतात. तेव्हापासून ती सासरच्या नावाची. माझी आजी नऊ वर्षांची असताना एका नावाने घरात आली आणि दुसऱ्या नावाने गेली. तिचं पहिलं नाव मला आजही माहीत नाही.

मिस्टर पेलनी तोंडातला पाइप काढला. "आडनाव बदलतं ते मला माहीत आहे. पण पहिलं नावसुद्धा?"

"पहिलंच तर."

"मग रोहिणीचं नाव काय होतं?"

रोहिणी म्हणजे माझी बायको. तिचं माहेरचं नाव आठवायला मला क्षणभर लागला. "कुसुम," मी म्हणालो.

"कुसुम," त्यांनी जमेल तसं म्हणून बघितलं. मग खांदे उडवले. "तुम्ही म्हणता तसंच असेल. त्या काळातलं तुमच्याकडे जास्त शिल्लक आहे. मार्गरेट असती तर एका सेकंदात सांगितलं असतं."

मी फुशारलो होतो, हे आता कबूल करायला हवं. साहेबाच्या घराण्याचं कोडं मी सोडवलं होतं. आणि ऑफिसातल्या सवयीने मी ते पक्कंही केलं. आमच्याकडे ड्रॉइंगचं नवं रूप आलं की जुन्यावर रद्द म्हणून शिक्का मारायचा आणि रजिस्टरात दोन्हींची एकच ओळ ठेवायची. मी इसाबेलची सगळी कार्डं अ‍ॅलिसच्या गठ्ठ्यात घातली. वंशवृक्षात ह्यूच्या शेजारी एकच चौकोन काढला. पुस्तकात वाक्य आलं: "चौदा वर्षांची इसाबेल या गढीत आली आणि विवाहानंतर अ‍ॅलिस या नावाने तिची स्वामिनी झाली." वाक्य मिस्टर पेलना फार आवडलं. ह्यूची थोरली मुलगी, जिच्यापासून मार्गरेटबाईंचं घराणं चालत आलं, तिच्या कार्डावर आईचं नाव नव्हतं. तिलाही मी अ‍ॅलिसच्या खाली लावलं.

*

पुस्तक शारजातल्या एका छोट्या छापखान्यात छापलं. करडं कापडी पुठ्ठ्याचं, चाळीस प्रती. गाडीच्या डिकीत गठ्ठे टाकून मी आणले तेव्हा डिंकाचा आणि शाईचा वास इतका होता की काचा खाली कराव्या लागल्या. मिस्टर पेलनी पहिली प्रत हातात घेतली, उघडली, आणि पानांत नाक खुपसलं. वाचता येत नव्हतं ना. मग कितीतरी वेळ पानांच्या कडेवरून अंगठा फिरवत बसले. हिने चिरोटे केले होते. ऋणनिर्देशात तिचं नाव आलं होतं, "रोहिणी, जिच्या भाताने मार्गरेटला शेवटचे महिने सुखाचे गेले." हिने ती ओळ बोटाखाली धरून दोनदा वाचली. "छापून आलं हो," म्हणाली आणि आत गेली.

दोन आठवड्यांनी मिस्टर पेल म्हणाले, कार्डं नीट बांधा, पेटीत भरा, हेलनसाठी ठेवायची आहेत. हेलन तेव्हा इंग्लंडात शिकत होती, सुट्टीत यायची. मी फीत घेऊन गठ्ठे बांधत होतो. एक कार्ड निसटलं आणि फरशीवर उलटं पडलं.

मागच्या बाजूला लिहिलेलं होतं.

ड्रॉइंगच्या मागे कधी काही नसतं. उभ्या आयुष्यात हजारो कागद मी हाताळले, मागची बाजू कोरी, हे गृहीत धरून. मार्गरेटबाईंनी पेन्सिलीने, बारीक अक्षरात लिहिलं होतं: "हिचं लग्न इथं येताच झालं. फेब्रुवारीतल्या मेणबत्त्यांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी बाळंतपणात गेली. मागे तीन वर्षांची मुलगी. पुढच्याच वर्षी ह्यूचं दुसरं लग्न. त्यानंतर हिचं नाव कुणीही घेतलेलं नाही. आम्ही सगळे हिचे. पुस्तक हिच्यापासून सुरू करायचं."

पुढच्या बाजूला इसाबेल, वय चौदा, एक पेटी, एक दाई आणि एक करडी घोडी.

शेजारच्या खोलीत मिस्टर पेल रेडिओवर क्रिकेट ऐकत होते. दार उघडंच होतं. मला फक्त चार पावलं टाकायची होती. मी कार्ड खिशात घातलं आणि पेटी बंद केली.

हिला सांगितलं त्याच दुपारी. ही पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. म्हणाली, "इथं आमच्या एकीच्या दोन करता. तिथं जाऊन दोघींची एक करून आलात?"

मी म्हटलं, "चूक झाली. मला वाटलं, तिकडेही तसंच असेल."

"वरती जाऊन सांगा."

"किती खूश आहेत ते. चाळीस प्रती गेल्याही सगळीकडे."

"मार्गरेटबाईंनी मरता मरता लिहिलंय ते. मी बघितलंय त्यांना, उशीला टेकून पेन्सिलीने लिहिताना. मला विचारायच्या, माझं अक्षर वाचता येतंय ना?" ती पुन्हा लाटायला लागली. "वाचता येतं की चांगलं."

त्या दिवसांत कधीतरी मी तिला हाक मारून बघितली, कुसुम म्हणून. ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिने वळूनही पाहिलं नाही. थोड्या वेळाने आत येऊन म्हणाली, "मगाशी कुणाला बोलावत होतात?"

*

सगळ्यात जड आहे ते पुढचं. पुस्तक झाल्यावरही माझे शुक्रवार बंद झाले नाहीत. आता मिस्टर पेल मला पुस्तकातलं वाचायला सांगायचे. आणि त्यांचं आवडतं पान ठरलेलं. डोळे मिटून म्हणायचे, "ते अ‍ॅलिसचं." मी वाचायचो. चौदा वर्षांची इसाबेल या गढीत आली आणि. एसीची घरघर, खाली लाँड्रीवाल्याचा कुणाशी तरी चाललेला वाद, आणि माझा सरळ, न अडखळणारा आवाज. वाचून झालं की ते म्हणायचे, "मार्गरेटला ही आवडली असती." मी म्हणायचो, "हो."

दोन वर्षं. किती शुक्रवार होतात, मी मोजले नाहीत.

मग त्यांची दृष्टी जवळजवळ गेली आणि ते इंग्लंडला बहिणीकडे जायला निघाले. शेवटच्या दिवशी फ्लॅट रिकामा होता. भिंतींवर तसबिरींचे चौकोन उरलेले. कॉर्निशवर तेव्हा ज्वालामुखीच्या आकाराचं मोठं कारंजं होतं. त्यांना ते दिसत नव्हतं, पण कडेच्या नजरेला त्याचा लाल उजेड कळायचा, म्हणून मी त्यांना संध्याकाळी तिथं घेऊन गेलो. वाऱ्याने तुषार तोंडावर येत होते. ते म्हणाले, "कधीतरी हेलन पुन्हा छापेल ते. तुम्हाला काही दुरुस्त करायचं असेल तर आत्ताच सांगा. मी तिला कळवतो."

मी म्हटलं, "नाही. काही नाही."

त्यांनी माझा हात शोधून दाबला. "मला माहीत होतं. तुमच्या कागदात चूक नसते."

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. नंतर ते कारंजंही काढून टाकलं. आम्ही पुण्याला परतलो, मुलगा दुबईला आला. कार्ड प्रत्येक घरी माझ्याबरोबर गेलं. कधी पासपोर्टच्या पाकिटात, कधी देवघराच्या ड्रॉवरमध्ये. उलटं ठेवायला मन व्हायचं नाही आणि सुलटं ठेवलं तरी मागे काय आहे ते दिसायचंच.

*

हेलन कॅफेच्या बाहेरच्या टेबलावर बसली होती. केस पांढरे होऊ लागलेत. ती आता इथल्याच एका शाळेत शिकवते. ती उठली आणि दोन्ही हात जोडून "नमस्ते, अंकल" म्हणाली, तिला हिने लहानपणी शिकवलं होतं तसंच. शेजारी सतराएक वर्षांची मुलगी, मोबाइलमध्ये डोकं.

"ही माझी मुलगी. पप्पांच्या पुस्तकावरून नाव ठेवलं," हेलन म्हणाली. "अ‍ॅलिस, से हॅलो."

"हाय," अ‍ॅलिस म्हणाली.

मी बसलो. माझ्या मुलाने कॉफी मागवली आणि फोनचं निमित्त काढून तो दूर गेला. बायकोने त्याला सांगून ठेवलं असणार. हेलनने करडं पुस्तक पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं, त्याच्या कडा मऊ झाल्या होत्या. "प्रस्तावना आणलीत?"

"नाही," मी म्हटलं. "आधी हे बघ."

तिने कार्ड घेतलं. आईचं अक्षर ओळखून तिचा चेहरा उजळला. "इसाबेल! ही तर..." मग मी म्हटलं, मागे बघ. तिने उलटलं. वाचलं. पुन्हा वाचलं. मुलीने मोबाइल बाजूला ठेवला आणि आईच्या खांद्यावरून वाकून बघायला लागली.

मी सगळं सांगितलं. तांदळाच्या ताटापासून, एकाच चौकोनापासून, फरशीवर उलट्या पडलेल्या कार्डापासून. कारंज्याजवळच्या "काही नाही"पर्यंत. कुठंही मऊ केलं नाही. मध्ये हेलनने एकदाच विचारलं, "आणि हे माहीत असताना तुम्ही त्यांना ते पान वाचून दाखवत होतात?"

"हो."

"दर शुक्रवारी?"

"त्यांनी सांगितलं की दर वेळी."

तिने कार्ड टेबलावर सुलटं ठेवलं. पाण्यात पोरं ओरडत होती. वेटर कॉफी ठेवून गेला, कुणी कपाला हात लावला नाही. मला वाटलं ती आता उठेल. उठायला हवंच होतं तिने.

"वेट," अ‍ॅलिस म्हणाली. "सो आय अ‍ॅम नेम्ड आफ्टर द स्टेपमदर?"

हेलनच्या तोंडून एक आवाज निघाला, तो हसण्याचा होता की कशाचा मला सांगता येणार नाही. तिने डोळे पुसले. "तिने सांभाळलं असेल ना त्या पोरीला," ती म्हणाली. "अ‍ॅलिसने. तीन वर्षांची होती ती. कुणीतरी वाढवलंच असणार."

"शक्य आहे," मी म्हणालो. "पण तसं कुठं लिहिलेलं नाही."

"नाही. बरोबर." तिने पुस्तक उघडलं, वंशवृक्षाचं पान काढलं, पर्समधून पेन काढलं आणि दोन्ही माझ्याकडे सरकवलं. आवाज कोरडा होता. "पप्पा तुमच्यावर विश्वास ठेवायचे. मी अजून ठरवलेलं नाही. पण दुरुस्ती तुमच्याच हाताने झाली पाहिजे. छापखान्याला मी हेच पान देणार आहे."

मी ह्यूच्या चौकोनाच्या डावीकडे दुसरा चौकोन काढला, जमेल तितका सरळ. त्यात लिहिलं, इसाबेल. तिच्यापासून खाली रेघ ओढली. अ‍ॅलिसच्या खालून थोरल्या मुलीची रेघ खोडली आणि ती मुलगी इसाबेलच्या खाली आणायला नवा चौकोन काढला. जुन्या चौकोनात मी टाइप केलं होतं, "मुलगी, पुढे राल्फची पत्नी." सगळ्या कार्डांवर तेवढंच होतं, ह्यूची मुलगी, राल्फची पत्नी.

अ‍ॅलिस टेबलावर कोपरं टेकून बघत होती. "व्हॉट वॉज हर नेम? द लिटिल गर्ल्स?"

हेलननेही माझ्याकडे पाहिलं. त्या तीन खोक्यांतलं प्रत्येक कार्ड माझ्या हातून गेलं होतं.

"कुठंच नाही," मी म्हणालो.

पेन कागदावर टेकलेलं होतं, ते मी उचललं. चौकोन कोरा ठेवला आणि पुस्तक हेलनकडे फिरवलं.